अस्सलबरहुकूम

नव्वद साली छोट्या लाइनच्या गाडीने
गुणवंत तितरमारे भिवापूरला उतरला,
तेव्हा त्याच्याजवळ कॉम्प्युटर नव्हता.
कॉम्प्युटरचं सामान होतं.
मदरबोर्ड जुन्या धोतरात गुंडाळलेला,
पॉवर सप्लाय तुरीच्या डाळीच्या पिशवीत,
आणि एक रिकामी पत्र्याची पेटी.
टीसीने विचारलं, हे काय आहे?
"काहीच नाई अजून," तो म्हणाला,
आणि लगेजचे पैसे भरले.

दुकान रेडिओ दुरुस्तीचं. मागे मिरचीचा सातरा,
दिवसभर देठ खुडणाऱ्या बाया, हवा तिखट.
माणसं शिंकायची, फ्लॉपी ड्राइव्हसुद्धा.
दर शनिवारी तो सायकलच्या पंपाने
बोर्डावरची मिरची उडवायचा
आणि आम्ही दोघे शिकाऊ, मी आणि देवका खोब्रागडे,
डोळे पुसत ओट्यावर.

सोल्डरच्या धुरात तो तीच ती गोष्ट सांगायचा:

"अमेरिकेत एक कंपनी. लय मोठी. तिले घाई झाली.
म्हणून बाजारातलंच सामान उचललं,
इथून चिप, तिथून ड्राइव्ह,
अन् जोडली पेटी. माह्यासारखीच.
आपलं म्हणावं असं आत एकच:
सुरू होताना पहिले बोलते, ती चिप.

मंग दुसऱ्यांनी दोन खोल्या केल्या.
एका खोलीतल्यानं ती चिप वाचली
अन् कागदावर लिवलं,
हे इचारलं तर ती हे सांगते.
कशी सांगते, ते नाई लिवलं.
दुसऱ्या खोलीतल्यानं चिप जन्मात पाह्यली नव्हती.
त्याच्यापाशी फक्त तो कागद.
मधल्या दारात वकील."

वकील आला की देवका हसायची.
एकदा मात्र हसली नाही.
म्हणाली, "माह्या मायनं मालगुजाराच्या घरची सांबारवडी
कधी खाल्ली नाई. चुलीपाशी जाऊच नाई दिलं.
अंगण झाडता झाडता वासावरून शिकली.
आता आमच्या घरची खाऊन पाय.
दारात वकील नव्हता, भाऊ.
दार होतं."

गुणवंताने इस्तरीसारखी तापलेली सोल्डरगन
खाली ठेवली. बराच वेळ उचलली नाही.

मग चिमूरच्या राइस मिलचं मशीन बंद पडलं.
मालक आमच्या पेटीला डुप्लिकेट म्हणायचा.
त्याचं ओरिजिनल, दर्शनी भागावर नावाची पट्टी,
तीन माणसांनी उचलून आणलं.
चार स्क्रू. झाकण निघालं.
आत तेच तैवान, तेच मलेशिया,
चिपांवर तीच बारीक पांढरी अक्षरं.
धूळ तेवढी वेगळी. कोंड्याची.
मी गुणवंताकडे पाहिलं.
तो काही बोलला नाही.
मालकाकडून चाळीस रुपये घेतले
आणि झाकण लावताना
त्या पट्टीवरचा कोंडा रुमालाने पुसला.

आता मी तहसिलीत, नकलेच्या टेबलावर.
सातबारा, फेरफार, जुन्या वाटण्या,
खाली माझा शिक्का: अस्सलबरहुकूम नक्कल.
लोक तेवढ्यासाठी तीन-तीन दिवस थांबतात.
अस्सल कागद कपाटात असतो, वाळवीजवळ.
त्याला कुणी विचारत नाही.

देवका उमरेडला, कोळशाच्या ऑफिसात.
दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात.

मला आठवते ती पहिली रात्र.
व्होल्टेज कमी, बल्ब पिवळा,
खिडकीशी सातऱ्यातल्या दोन-तीन बाया, पदर नाकाला.
गुणवंताने बटन दाबलं
आणि काही बोलण्याआधी
ती बेनाव पेटी आपली आठवण मोजू लागली,
चौसष्ट, एकशे अठ्ठावीस,
हिरवे आकडे, सावकाश,
नवं पोर अंगणात पावलं टाकतं तसे.
देवका मोठ्याने वाचत होती.
पाचशे बाराशी आकडा अडला.
"थांब," गुणवंत कुणाला म्हणाला, कळलं नाही.
मग सहाशे चाळीस.
एक बारीक शिट्टी.

खिडकीतली एक बाई शिंकली.